मालिकेतल्या आईचं दुखणं

सोमवार, ३ तारीख

मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि शेजारच्या खुर्चीच्या बाई लिहितात. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, आता घरी बसलेल्या. त्यांचे यजमान आणि माझी लेक एकाच खोलीत मशीनवर असतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बारा ते चार. दोघांचीही मूत्रपिंडं गेली आहेत. मशीन अंगातलं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत घालतं. मी साठ वर्षं घरादाराचे कपडे धुतले, पण माणसालाच धुवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

लेक आज म्हणाली, "आई, तू चार तास माझं तोंड बघत बसतेस, मला सोसत नाही. काहीतरी करत जा."

मी म्हटलं, "बावन्न वर्षं बघतेय. आज काय नवीन बिघडलं?"

ती हसली नाही. मग बाईंनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते. माझाही वेळ जाईल." आजी म्हणतात मला. स्वतः पासष्टच्या आहेत, पण असो. मी एक अट घातली, मी बोलते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. त्या हो म्हणाल्या. सुधारत असणारच. शाळेतली खोड जात नाही.

आज एक गंमत झाली. खोलीत सहा खुर्च्या आणि भिंतीवर एक टीव्ही. दोन वाजता रात्रीच्या मालिकेचा भाग पुन्हा लागतो, तो सगळे बघतात. त्या मालिकेतले संवाद माझी नात लिहिते, माझ्या लेकीची लेक. त्यामुळे या खोलीत आम्हाला मान आहे. आजच्या भागात मालिकेतल्या आईला चक्कर आली, दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, दोन्ही किडन्या निकामी.

खोलीतल्या सहाही जणांनी माना वर केल्या. 

मग ती आई पलंगावर उठून बसली, ओठ रंगवलेले, केस विंचरलेले, आणि सुनेने दिलेलं पाणी गटागटा प्यायली. पेलाभर! इथे दिवसाला अर्धी बाटली मोजून मिळते. सहा जणांच्या घशातून एकदम आवंढा गेला, मी ऐकला. बाईंचे यजमान ओरडले, "अहो आजी, तुमच्या नातीला सांगा, उद्या त्या बाईचे पाय खांबासारखे सुजतील!" हे पूर्वी कारखान्यात फोरमन होते. अजून आवाज तसाच आहे.

सगळे हसले. लेक सुद्धा. पुष्कळ दिवसांनी.

बुधवार, ५

नातीला फोन करून चुका सांगितल्या. फोरमननी यादीच करून दिली होती. मशीनऐवजी सलाईन दाखवली. सुई मनगटात टोचली. आजारी बाईच्या कानात एवढाले झुमके. नात म्हणाली, "आजी, मी फक्त बोलणं लिहिते. झुमके माझ्याकडे नाहीत."

"आणि पाणी?"

"ते दिग्दर्शकाने घातलं. सुनेचं प्रेम दिसायला हवं म्हणाला."

"असं प्रेम असेल तर पोलिसांत द्या तिला," मी म्हटलं.

आज खोलीत वाद झाला. असली दुखणी मालिकेत दाखवावी का? फोरमन म्हणाले, दाखवू नये. "दोन तास आपलं दुखणं विसरावं म्हणून आम्ही लोकांच्या घरातली भांडणं बघतो. तिथेही हीच खुर्ची? मग आम्ही जायचं कुठे?" मशीन लावणारी मुलगी, तिला मी यंत्रबाई म्हणते, ती म्हणाली, "काका, कालच एक बाई तपासायला आली. पाय सुजत होते, सहा महिने अंगावर काढत होती. मालिका बघून आली. वेळेत आली." फोरमन मान हलवत राहिले. पटलं नाही की पटलं पण आवडलं नाही, ते कळलं नाही.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं, दुखणं दाखवा, पण रडताना वाजवतात तो पावा बंद करा. आमच्याकडे कोणी वाजवत नाही.

लेक मध्येच म्हणाली, "आई, मला तुझ्याशी थोडं बोलायचंय."

मी म्हटलं, "बोल की. चार तास बांधून ठेवलीयेस, पळणार कुठे?"

"मी बांधलेली आहे, आई. तू नाहीस."

"तेच ते," मी म्हटलं. मग यंत्रबाई दाब मोजायला आली. ते बोलणं राहिलं.

सोमवार, १०

मालिका सुधारली. काय जादू झाली कोण जाणे. आज त्या आईच्या दंडाला पट्टी होती, बरोब्बर जिथे आमच्या लेकीला असते तिथे. बर्फाचा खडा तोंडात धरून बसली होती. भाजी उकळून तिचं पाणी ओतून देत होती, आम्ही त्यातले क्षार काढायला ओततो तसंच. खोलीतले सगळे शाळेत पहिला नंबर आल्यासारखे खूश. फोरमन म्हणाले, "शाब्बास! आता बसली."

मग ती आई मालिकेतल्या मुलीला म्हणाली, "मला स्वप्नात नळ दिसतो. मी तो सोडते आणि उठते. नळ सोडायच्या आधी जाग आली असती तर बरं, असं रोज वाटतं."

मला हे कृत्रिम वाटलं. असं कोण बोलतं? मी लेकीकडे बघितलं, ती डोळे मिटून पडली होती. मी विचारलं, "तुला पडतात का गं असली स्वप्नं?"

"पडतात."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू म्हणाली असतीस, नळाचं बिल कोण भरणार."

म्हणाले असते. खरं आहे.

संध्याकाळी ती दार लावून नातीशी फोनवर बोलते. तास तास. मी दारावरून जाते तेव्हा आवाज बारीक करते. मायलेकी आहेत, बोलू दे. मला काय त्याचं.

शुक्रवार, १४

आज मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बोलावलं. हातातली, मशीनची सुई जाते ती शीर बंद पडत आली आहे. मानेतून नळी घालता येईल, पण हृदय थकलंय, मशीनवर असताना दाब कोसळतो, तो दर वेळी थोडा जास्त कोसळणार. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायची शस्त्रक्रिया हृदयाला झेपणार नाही. मी पूर्वीच माझं देऊ केलं होतं. तेव्हा माझी साखर बघून डॉक्टर म्हणाले होते, आजी, हे तुमचं तुम्हालाच लागेल. सत्त्याहत्तर वर्षं वापरलेला माल, कोण घेणार.

डॉक्टर लेकीला म्हणाले, "तुम्ही मागच्या वेळी जे विचारलंत, त्यावर घरी बोललात का?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अजून नाही."

मी म्हटलं, "काय विचारलं होतंस?"

"आई, आपण बसू या जरा."

"बसू या काय, टॅक्सी थांबलीये बाहेर," मी म्हटलं, आणि उठले. टॅक्सी थांबलेली नव्हती. अजून बोलावलीच नव्हती.

हे मी बाईंना आत्ता सांगतेय. बाई लिहायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, लिहा की, काय झालं? म्हणाल्या, काही नाही आजी, पेन अडलं.

मला काही वाटलं नाही. हेही लिहा. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत होते. त्यावर मागचाच महिना होता.

बुधवार, १९

आज मालिकेत नवीन पात्र आलं. आजी!

दार ढकलून आली, हातात पिशवी, आल्या आल्या नर्सला म्हणाली, "माझ्या मुलीला सुई टोचतेस की विहीर खणतेस?" खोलीतली सगळी डोकी टीव्हीवरून माझ्याकडे वळली. फोरमन इतके हसले की त्यांचं मशीन ओरडायला लागलं. हे वाक्य माझं आहे. मागच्या वर्षी मी यंत्रबाईला म्हटलं होतं, आणि ती बिचारी रडकुंडीला आली होती.

नट्टापट्टा केलेली बाई आहे, जाडजूड. पण नाक बरं आहे. माझ्याहून बरं. मला राग यायला हवा होता. आला नाही. थोडं बरंच वाटलं.

भाग बघता बघता मात्र एक खटकलं. ती पोर, म्हणजे मालिकेतली आई, दोनतीनदा म्हणाली, "मला काही सांगायचंय." आणि ती म्हातारी दर वेळी मध्येच एक कोटी करते. लोक हसतात. पोर गप्प बसते. एकदा तर म्हातारी उठून खिडकीच लावायला गेली, वारा नसताना.

मी बाईंना विचारलं, "मी एवढी बडबड करते का हो?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलता छान."

"ते विचारलं नव्हतं."

बाईंनी चष्मा पुसला. फोरमन पलीकडून म्हणाले, "आजी, माणूस घाबरलं की आवाज वाढतो. कारखान्यात बघितलंय. मशीन बिघडलं की जो सगळ्यात जास्त विनोद करायचा, त्याच्याकडून बिघडलेलं असायचं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्यांना म्हटलं, "तुमच्याकडून किती बिघडली?" ते म्हणाले, "पुष्कळ."

सोमवार, २४

शुक्रवारी बाई आल्या नव्हत्या, त्यांना ताप होता. म्हणून दोन्ही दिवसांचं आज.

शुक्रवारी खोलीत बातमी फुटली की मालिकेतली आई मरणार. यंत्रबाईने मोबाइलवर वाचलं. फोरमननी दाब वाढवून घेतला. म्हणाले, "मारायचीच असेल तर तिला मोटारीखाली घाला, जिन्यावरून ढकला. मशीनवर मारू नका. सोमवारी आम्हाला याच मशीनवर झोपायचंय." कोणी हसलं नाही. खिडकीजवळची मुलगी, जेमतेम तिशीची आहे, तिने तोंडावर पांघरूण घेतलं.

म्हणून मी काल, रविवारी, नातीच्या घरी गेले. दोन बस बदलून. तिच्याकडे सगळीकडे कागद. पलंगावर पण. मी म्हटलं, "बये, त्या बाईला वाचव. तुझ्या हातात आहे. एक किडनी दे आणि सोड. ती दुसरी, खलनायिका सून देईल, पुण्य लागेल तिला."

नात म्हणाली, "वाहिनीवाल्यांचंही तेच म्हणणं आहे. किडनी मिळवून द्या, दोन आठवड्यांत उभी करा. मीच नको म्हणतेय."

"का?"

"कारण ते खोटं आहे, आजी."

"मालिकाच खोटी आहे! तिथे एक बाई दोनदा जळून परत आली. तिथे तुला खरं सुचतंय, आणि तेही स्वतःच्या आईच्या…" मी म्हणणार होते, मालिकेतल्या आईच्या. जीभ वळली.

नात खाली बसली. माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. म्हणाली, "हे मी लिहीत नाहीये, आजी. आई सांगते. रोज फोनवर. मी फक्त उतरवून घेते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फार काम पडतं तिला. मी तिच्या केसांतून हात फिरवला, चहा केला, कप धुतले आणि परत आले. बसमध्ये माझा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले.

दोन वाजले. टीव्ही लावला. थांबा बाई, बघून सांगते.

तीन वाजले असतील. लिहा.

मालिकेत आज मशीनची खोली दाखवली. हुबेहूब. झुमके नाहीत, पावा नाही. ती आजी विनोद करत होती. पोरीने तिचा हात धरला. म्हणाली, "आई, एकदा गप्प बस. मला मशीन बंद करायचंय. मी तुला कंटाळले नाही, जगायला कंटाळले नाही. मी या खुर्चीत मरत चाललेय, ते मला घरी करायचंय. डॉक्टरांना मी तीन महिन्यांपूर्वी विचारलं. तुला विचारायची हिंमत झाली नाही. तू हो म्हण."

मग त्या म्हातारीचा चेहरा मोठा केला. त्यावरच भाग संपला.

 यंत्रबाईने टीव्ही बंद केला, पुढे जाहिरात होती. मी लेकीकडे वळले. ती टीव्ही बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

म्हणाली, "आई, याच्या पुढचं अजून लिहिलेलं नाही, तोवर सुनांची भांडणं दाखवतील. म्हातारी काय म्हणते, ते कोणालाच माहीत नाही."

मी तोंड उघडलं. मला वाटलं काहीतरी येईल. नेहमी येतं. काही आलं नाही.

बुधवार, २६

मशीनवर आलो. मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. दोन दिवस घरात आम्ही भाजी, औषध, दूध एवढंच बोललो.

मशीन लावून तास झाला नसेल, लेकीचा दाब कोसळला. ओठ पांढरे. यंत्रबाईने खुर्ची आडवी केली, पाय वर केले, डॉक्टर धावत आले. मला बाजूला केलं. मी भिंतीला लागून उभी राहिले आणि भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं मोजली. वाचता येत नाहीत, मोजता येतात. एकवीस.

ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी मशीन मध्येच थांबवलं, रक्त परत दिलं. म्हणाले, आज एवढंच. शुक्रवारी मानेतून नळी घालून बघायची का, ते ठरवा. सक्ती नाही. थांबवायचं ठरलं तर काही दिवस मिळतील, आठवडा, दीड आठवडा. घरी नर्स येईल, दुखू देणार नाही, गुदमरू देणार नाही. हा शब्द देतो. निर्णय तिचा आहे, आजी.

"तिचाच आहे," मी म्हटलं. "मग ती मला का विचारते?"

 फोरमन त्यांच्या खुर्चीतून म्हणाले, हळू, त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं, "परवानगी मागत नाहीये ती. सोबत मागतेय."

मी खाली वाकले. तिच्या चपला खुर्चीखाली गेल्या होत्या, एक पार मागे चाकाजवळ. गुडघा टेकून काढल्या. तिच्या पायात घातल्या. एक, मग दुसरी. पाय गार होते.

ती म्हणाली, "आई?"

मी म्हटलं, "चल घरी. शुक्रवारी यायचं नाही."

एवढंच म्हटलं. ती माझ्या खांद्याला धरून उठली. खोलीतल्या पाचही जणांनी जाताना हात वर केला, ज्याला जो मोकळा होता तो.

रडू आलं नाही. बाईंनी दारापर्यंत सोबत केली. त्यांना म्हटलं, मला काही होत नाहीये हो, हे बरोबर आहे का? बाई म्हणाल्या, उद्या येते मी.

गुरुवार, २७

बाई आल्या. आज त्यांचा मशीनचा वार नाही, माझ्यासाठी आल्या. कालचंही त्यांनी आत्ताच लिहून घेतलं. लेक आतल्या खोलीत झोपली आहे. खिडकी उघडी ठेवलीय, तिला बाहेरचे आवाज हवे असतात.

काल संध्याकाळी नात आली. तिघी पलंगावर बसलो. नातीने कागद काढला. विचारलं, "आजी, म्हातारीने काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "काही नाही. वाकून चपला काढायच्या. तेवढी जाड बाई वाकली तर."

दोघी हसल्या. मग नात म्हणाली, "आणि पुढे?" लेकीचं म्हणणं, पुढेही दाखवायचं, शेवटपर्यंत. म्हणाली, "आई, मला कोणी हे दाखवलं असतं तर तुला सांगायला तीन महिने लागले नसते. मला वाटायचं, असं म्हणणारी मी एकटीच. टीव्हीने मला बोलायला तोंड दिलं."

खरं आहे ते. मला तोंडावर सांगितलं असतं तर मी टॅक्सी आणायला गेले असते.

पण मला त्या पाच खुर्च्या दिसत होत्या. खिडकीजवळची ती मुलगी. तिची शस्त्रक्रिया होणार आहे, ती वाचेल. फोरमन दहा वर्षं काढतील, तो आवाज बघता वीस. त्यांनी दोन वाजता मान वर करून काय बघायचं?

मी नातीला म्हटलं, "ती थकली हे दाखव. तिने विचारलं ते दाखव. म्हातारीने तीन महिने ऐकून घेतलं नाही, तेही दाखव. माझी लाज निघाली तर निघू दे. दुसरीकडे एखादी म्हातारी ऐकेल. शेजारच्या खुर्चीतली मुलगी बरी होऊन घरी जाते, हेही दाखव, कारण तेही खरं आहे. पण या दोघी दारातून बाहेर पडल्या की तुझा कॅमेरा तिथेच थांबव. गाडीत नको, घरात नको, पलंगाजवळ नको."

नातीने विचारलं, "वाहिनीवाले विचारतील, पुढे काय झालं."

"विचारू दे."

लेकीने माझा हात धरला आणि सोडला नाही. म्हणाली, "चालेल. असंच लिही."

आज दोन वाजून गेले. टीव्ही लावला नाही. बाईंनी विचारलं, परवा येऊ का वही घेऊन? मी नको म्हटलं. म्हटलं, वही तुम्हीच ठेवा, फोरमनना वाचून दाखवा. त्यांनाही घातलंय म्हणावं, खुलतील.

आत हालचाल होतेय. जागी झाली. हाक मारतेय.

पुरे, बाई. इथून पुढचं आमचं आम्ही बघू.